आधी बाजार, मग बेत

विश्रामबागेत नुकताच संसार थाटलेल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे : नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, दोघेही शाकाहारी आहेत, आणि घरचे जेवण सकस, त्या-त्या हंगामातले आणि पिकवणाऱ्यावर अन्याय न करता आणलेल्या जिनसांचे असावे अशी त्यांची इच्छा आहे. दुकानातल्या ‘सेंद्रिय’ पाकिटांचा खर्च दरमहा झेपत नाही, भाजी कोणाकडून घ्यावी हे कळत नाही. शाकाहारात प्रथिने पुरतात का, साखरेऐवजी गूळ घेतल्याने खरेच फरक पडतो का, जनावरांचे हाल मनाला बोचतात तर दुधाचे काय करावे आणि नोकरी सांभाळून हे सारे जमेल का, असेही त्यांनी विचारले आहे. मी सांगलीत बरीच वर्षे घरगुती जेवणाचे डबे देते आणि स्वयंपाकाचे वर्ग घेते. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

ताई, तुमच्या प्रश्नात सगळा भर भाजीवर आहे. मी मात्र सुरुवात धान्यापासून करा असे सांगेन. रोजच्या ताटाचा हिशेब मांडून पाहा : पोट भरते ते भाकरी, पोळी, भात, आमटी आणि उसळ यांनी. ज्वारी, डाळी, कडधान्ये, तेल, गूळ, हळद आणि तिखट हे जिन्नस वर्षातून एकदा-दोनदाच तयार होतात, टिकतात, आणि ते कोणी पिकवले हे शोधून काढणे भाजीपेक्षा पुष्कळ सोपे असते. सुगीच्या दिवसांत ते ओळखीच्या हातून घेतले की सकस आणि न्याय्य जेवणाचे निम्म्याहून अधिक काम वर्षभरासाठी मार्गी लागते. मग उरते भाजी, आणि तिच्याबाबत एकच सवय लावून घ्यायची : आधी बाजार पाहायचा, मग बेत ठरवायचा. हल्ली आपण उलटे करतो. रात्री मोबाईलवर एखादी कृती आवडते आणि दुसऱ्या दिवशी जून महिन्यात मटाराच्या शेंगा शोधत फिरतो.

आपल्या भागात रब्बीच्या ज्वारीला शाळू म्हणतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांत परतीच्या पावसाच्या सुमारास तो पेरतात आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर थंडीत तो वाढतो. मालदांडी ३५-१ हा जुना वाण आजही भाकरीसाठी लोक आवर्जून मागतात. या पिकाला वरून पाणी फारसे द्यावे लागत नाही, फवारणीचा खर्चही बेताचाच असतो, आणि धान्याबरोबर कडबा मिळत असल्याने शेतकऱ्याच्या जनावरांची वैरणही भागते. म्हणूनच कोरडवाहू रानातला शाळू शिक्का नसलेल्या पोत्यातून घेतला, तरी तो महागड्या पाकिटातल्या कित्येक जिनसांपेक्षा स्वच्छ असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मळणी झाली की शेतकऱ्याला पैशाची गरज असते आणि त्याच वेळी बाजारात भाव पडलेले असतात. तेव्हा थेट त्याच्याकडून, बाजारभावापेक्षा थोडा जास्त भाव देऊन धान्य घेतले, तर त्याचेही भले होते आणि तुम्हालाही किराणा दुकानापेक्षा ते स्वस्त पडते.

दोघांनी एक वेळ भाकरी खायची म्हटली, तर दिवसाला पाव किलोच्या आसपास पीठ लागते, म्हणजे वर्षाला ९० ते १०० किलो ज्वारी. फ्लॅटमध्ये एवढी जागा नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून पोते घ्यावे. धान्य भरण्यापूर्वी दोन दिवस कडक उन्हात वाळवावे आणि पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावे. गरम धान्य भरले की आत वाफ धरते आणि किडे होतात. दाणा दाताखाली कडकन फुटला तर तो वाळला असे समजावे. वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथराला घातला की पावसाळा निभावतो. तूरडाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळून ठेवण्याची आपल्याकडची पद्धत उत्तम आहे. शिजवण्यापूर्वी डाळ कोमट पाण्याने धुतली की वासही राहत नाही.

पीठ मात्र एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि नव्याने शिकणारीला वाटते की आपला हातच चांगला नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकट अंश नसतो. त्यामुळे पिठात उकळते पाणी घालून, झाकून, हाताला सोसेल तेव्हा भरपूर मळणे हाच उपाय आहे. बाजरीचे पीठ याहून लवकर बिघडते. तिच्यात तेलाचा अंश जास्त असल्याने पीठ आठवड्याभरात कडवट होऊ लागते. बाजरी थंडीपुरतीच ठेवावी आणि थोडी थोडी दळावी.

गव्हाच्या बाबतीत एकच सुचवते. सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आणि लगतच्या कर्नाटकात खपली गहू पिकतो. रोजच्या पोळीला तो सर्वांना रुचेलच असे नाही, पण खिरीला त्याच्यासारखा दुसरा गहू नाही. रात्रभर भिजवून, ओलसर असतानाच कांडून वरचे साल काढावे, मऊ शिजवावा आणि मग गूळ घालावा. गूळ आधी घातला तर दाणा आखडतो आणि पुढे शिजत नाही.

कडधान्यांत माण, आटपाडी आणि जत भागातले हुलगे, म्हणजे कुळीथ, तुमच्या घरात असायलाच हवेत. हलक्या जमिनीत, जेमतेम पावसावर येणारे हे पीक आहे, १०० ग्रॅममध्ये साधारण २२ ग्रॅम प्रथिने देते, आणि तरीही त्याला भाव मिळत नाही, कारण शहरातल्या लोकांनी ते खाणे सोडले. थंडीत सकाळी करायचे माडगे त्याचेच. हुलगे मंद आचेवर खरपूस भाजावेत, भरडून टरफल पाखडून टाकावे आणि बारीक दळून डब्यात भरून ठेवावेत. करताना दोन चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे, दोन वाट्या उकळत्या पाण्यात हळूहळू सोडावे, आणि गूळ, चिमूटभर मीठ व सुंठ घालून सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे. भाजलेल्या हुलग्याचा मातकट-खमंग वास घरभर सुटतो आणि पळीवरून माडगे दाटसर ओघळू लागले की ते झाले. सकाळी कामावर जाण्याआधी एवढे पोटात गेले, तर दुपारपर्यंत बिस्किटांची आठवण येत नाही. याच हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे आणि तिखट घालून वळलेल्या शेंगोळ्या म्हणजे रात्रीचे पूर्ण जेवण आहे.

साताऱ्याकडचा दुसरा ठेवा म्हणजे कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा. फिकट दाण्यावर तांबडे पट्टे, म्हणून हे नाव. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पावसावर पेरलेला हा घेवडा दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो. दुरून येणाऱ्या राजम्यापेक्षा तो लवकर शिजतो आणि कांदा-लसूण मसाल्याच्या रश्शात चांगला मुरतो. रात्रभर भिजवावा, भिजवलेले पाणी टाकून द्यावे, आणि दाणा बोटांत सहज दबेपर्यंत शिजवावा. या जातीचे कडधान्य अर्धवट शिजलेले खाल्ले तर पोट बिघडते, हे लक्षात ठेवावे. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी येते, त्यांची कडधान्ये कितीही शिट्ट्या दिल्या तरी कडक राहतात. तेव्हा चिमटीभर सोडा घालण्याचा मोह होतो. त्याने दाणा मऊ होतो, पण ब जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो. त्यापेक्षा पिण्याचे शुद्ध केलेले पाणी भिजवायला आणि शिजवायला वापरावे, आणि चिंच, आमसूल, टोमॅटो यांसारखे आंबट दाणा शिजल्यावरच घालावे.

तेलासाठी शेंगदाणा हा आपल्या भागाचा जुना आधार आहे. लाकडी घाण्याचे तेल चांगले, हे खरे. पण त्यातही पाहायचे असते ते दाणे. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगांना बुरशी लागते आणि त्या बुरशीचे विष घाण्याच्या तेलात उतरू शकते, कारण हे तेल कारखान्यात शुद्ध केलेले नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात नव्या शेंगा घ्याव्यात, वाळवाव्यात, फोडून काळे, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे निवडून टाकावेत आणि स्वच्छ दाणे स्वतः घाण्यावर न्यावेत. १० किलो दाण्यांतून साधारण ४ किलो तेल निघते आणि पेंड घाणेवाल्याला देता येते. करडईचे तेलही आपल्याकडे मिळते. फोडणीला ते हलके लागते, पण लवकर खवट होत असल्याने थोडेच आणावे.

आता गूळ. याविषयी विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण या एका जिनसात सकसपणा आणि न्याय हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. शिराळा, वाळवा, कराड या पट्ट्यात दिवाळीनंतर गुऱ्हाळे सुरू होतात. तुम्ही दोघे एखाद्या रविवारी तिथे प्रत्यक्ष जाऊन या. ऊस गाळून आलेला रस काहिलीत चढतो, खाली चुलवाणात चिपाडाचे जळण धडधडत असते. रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाच्या खोडाचे चिकट पाणी घालतात. त्याला धरून सारी मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहावे लागते. रसाचा आंबटपणा मोडायला चुन्याची निवळी घालतात. मग गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी करून पाहतो. गोळी मऊ असेल तर अजून वेळ आहे, घट्ट झाली की काहील उतरवायची. त्या काही क्षणांच्या अंदाजावर सगळा घाणा अवलंबून असतो.

एवढ्यावर गूळ पूर्ण होतो, आणि त्याचा रंग तांबूस तपकिरी येतो. पण बाजारात पिवळ्याधमक ढेपेला जास्त भाव मिळतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी रसात हायड्रॉस नावाची पूड टाकतात. ती गंधकाचे रसायन आहे आणि तिच्याने रंग उजळतो. स्वस्त साखर विरघळवून गुळाचे वजन वाढवण्याचे प्रकारही होतात. यात गुळव्याला दोष देऊन भागत नाही. गिऱ्हाइकाचा डोळा पिवळ्या रंगावर आहे तोवर तो तसेच करणार. पाच-सहा घरांनी मिळून आधी सांगितले की आमच्या काहिलीत हायड्रॉस नको, रंग काळपट आला तरी चालेल, आणि त्याबद्दल चार पैसे जास्त दिले, तर तो आनंदाने करून देतो. बिनरसायनाचा गूळ पावसाळ्यात लवकर पाझरतो, म्हणून एकेका किलोच्या लहान ढेपी मागाव्यात आणि कोरड्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. काकवीची एक बाटलीही आणावी. गरम भाकरीबरोबर ती फार चांगली लागते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग असा की साखरेऐवजी गूळ घेतल्याने प्रकृतीला फरक पडतो का. थोडा पडतो, लोक समजतात तेवढा नाही. गुळातही मुख्यतः साखरच असते, आणि मधुमेह असणाऱ्याला तो साखरेइतकाच जपून खावा लागतो. रक्तवाढीसाठी गुळावर विसंबू नये. गूळ निवडायचा तो चवीसाठी, गावातल्या हाताला काम मिळावे म्हणून, आणि त्याच्या जोडीला एकूण गोडच कमी करायचे म्हणून. एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. गुळाचा ऊस असो की साखरेचा, तो तोडायला बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात, मुलाबाळांसह पाचटाच्या खोपीत राहतात आणि पहाटेच्या थंडीत काम सुरू करतात. घरात गूळ आणला म्हणजे आपण या प्रश्नातून मोकळे झालो असे मानू नये.

स्वयंपाकातली एक सूचना : दुधाच्या खिरीत गूळ घालायचा असेल तर पातेले खाली उतरवून, वाफ थोडी निवल्यावर घालावा. उकळत्या दुधात घातला की दूध फाटते.

हळदीच्या गावात राहूनही आपण दळलेल्या हळदीचे पाकीट आणतो, हे मला पटत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले आहे. हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली. मात्र सांगलीच्या सौद्यात येणारी सगळी हळद आपल्या जिल्ह्यातली नसते, ती कर्नाटकातून आणि इतर भागांतूनही येते. म्हणून शक्य तर मार्च-एप्रिलमध्ये, काढणी आणि वाळवण झाल्यावर, कृष्णाकाठच्या एखाद्या शेतकऱ्याकडून हळकुंडे घ्यावीत. फार चकचकीत, पिवळीजर्द हळकुंडे टाळावीत, कारण चकाकी आणण्यासाठी शिशाचा घातक रंग लावण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. फिकी, किंचित खरबरीत हळकुंडे चांगली. मोडल्यावर टणक आवाज यावा आणि आतला गाभा केशरी-पिवळा दिसावा. दोघांना वर्षाला किलोभर हळद पुरते आणि ती गिरणीत दळून मिळते. दळलेली हळद आणावीच लागली तर चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात टाकून न ढवळता ठेवावी. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद होते.

तासगाव भागातल्या बेदाण्याविषयी थोडक्यात. द्राक्षे लवकर सुकावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात. पिवळ्या बेदाण्याला त्याशिवाय गंधकाची धुरी देतात. घरासाठी हिरवट किंवा तपकिरी बेदाणा निवडावा, आणि कोणताही घेतला तरी कोमट पाण्यात दोनदा धुऊन मगच वापरावा.

आता भाजीकडे वळते. बाजारात जाताना हातात यादी नसावी. आज सगळ्यांत जास्त पाट्या कशाच्या लागल्या आहेत ते पाहावे. जी भाजी ढिगाने आली आहे तिचा हंगाम आहे, ती जवळच्या रानातून आली आहे, तिच्यावर औषधे कमी मारावी लागलेली असण्याची शक्यता जास्त आहे, आणि ती स्वस्तही आहे. सध्याच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरात, पावटा, घेवडा, ओल्या तुरीच्या शेंगा, मेथी, चाकवत, आंबट चुका, कांद्याची पात, गाजर, हरभऱ्याचा पाला आणि कृष्णाकाठची काटेरी वांगी भरभरून येतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी या सगळ्यांना एकत्र आणून भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करण्याची रीत ज्यांनी घातली, त्यांनी हंगामी स्वयंपाक म्हणजे काय ते एका ताटात दाखवले आहे. चाकवत तर रोज असला तरी कंटाळा येत नाही. पाने शिजवून घोटावीत, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे वेगळे शिजवून त्यात मिसळावेत, थोडे बेसन लावलेले आंबूस ताक घालून मंद आचेवर एक उकळी आणावी आणि लसणीची चुरचुरीत फोडणी वरून ओतावी. ताक घातल्यावर आच मोठी केली तर ते फुटते.

उन्हाळ्यात पालेभाज्या आटतात आणि महाग होतात. तेव्हा हट्टाने त्या घेण्यापेक्षा शेवग्याच्या शेंगा, कैरी, काकडी, कांदा, पिठले, डांगर, सांडगे आणि मोड आलेली मटकी यांच्यावर भागवावे. सांडगे घालण्यामागे हेच शहाणपण होते. पावसाळ्यात जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू अशा भाज्या साताऱ्याच्या बाजारात घेऊन येतात. सांगलीकडे घोळ, तांदुळजा, पाथरी मिळते. टाकळा पहिल्या पावसानंतरचा, कोवळाच घ्यावा. अळू नेहमी चिंच किंवा आमसूल घालूनच शिजवावे, नाहीतर घसा खाजतो. रानभाजी ओळखीच्या बाईकडूनच घ्यावी, आणि स्वतः तोडायची असेल तर जाणकारासोबतच जावे. रस्त्याच्या किंवा फवारलेल्या उसाच्या कडेची पाने तोडू नयेत.

‘सेंद्रिय’ या शिक्क्याचा अर्थ समजून घ्या, पण त्यावरच अडून राहू नका. प्रमाणपत्राच्या दोन पद्धती आपल्याकडे आहेत : एकात बाहेरची संस्था तपासणी करते, दुसरीत गावातले शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात आणि ती छोट्या शेतकऱ्याला परवडते. यांपैकी कोणतेही प्रमाणपत्र नसलेला माणूस फसवतो आहे असे समजू नये, आणि भोके पडलेले पान दिसले म्हणजे फवारणी झालेलीच नाही असेही मानू नये. त्यापेक्षा सरळ विचारावे : शेवटची फवारणी कधी केली आणि तोडणी कधी? प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणी व तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेले असते. जो शेतकरी हे दिवस न अडखळता सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जावे. दर आठवड्याला त्याच दोन-तीन जणांकडून घेत राहिलात की तेच तुम्हाला सांगू लागतात, ताई, आज फ्लॉवर नेऊ नका, काल औषध मारलंय. असे सांगणारा माणूस कोणत्याही शिक्क्यापेक्षा मला मोलाचा वाटतो. आणि ज्यांनी पहाटे उठून पाटी आणली त्या मावशींशी जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस करू नये. मॉलमध्ये आपण छापील किमतीला एक शब्दही बोलत नाही.

प्रथिनांची काळजी वाजवी आहे, पण उत्तर सोपे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. तुमचे वजन ५५ किलो धरले तर साधारण ४६ ग्रॅम. दिवसभरात दोन भाकरी आणि दोन पोळ्या यांतून २० ग्रॅम, ६० ग्रॅम डाळ-कडधान्यातून १३ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून किंवा कुटातून ७ ग्रॅम, आणि पाव लिटर दूध किंवा दह्यातून ८ ग्रॅम, एवढ्यात गरज भागते. अडचण येते ती आमटी पाण्यासारखी पातळ केली, उसळ आठवड्यातून एकदाच केली आणि पोट पांढऱ्या भातावर भरले तेव्हा. लोहासाठी पालेभाजी आणि कडधान्यांवर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र कोणत्याही धान्यात किंवा भाजीत भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळते आणि तेही पुष्कळांना पुरत नाही. दोघांनीही एकदा रक्त तपासून घ्यावे आणि कमतरता निघाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

दुधाबद्दल तुमच्या मनात जी बोच आहे ती योग्यच आहे. पूर्णपणे निर्दोष दूध मिळते असे मी म्हणणार नाही. पण जवळच्या गोठ्यात संध्याकाळी धारेच्या वेळी गेलात तर बरेच काही दिसते : वासरू किंवा रेडकू जिवंत आणि तुकतुकीत आहे का, त्याला आधी पाजतात का, पान्हा सोडण्यासाठी इंजेक्शन देतात का, जनावर दिवसभर एकाच खुंट्याला असते का. जिथे उत्तरे समाधानकारक मिळतील तिथून, थोडे आणि योग्य किमतीचे दूध घ्यावे. चहाचे दूध कमी करून ते दह्याला वापरले तर पोटालाही चांगले. दूध अजिबात सोडायचे ठरवले तर ब-१२ ची गोळी टाळता येणार नाही, आणि कॅल्शियमसाठी तीळ व नाचणी वाढवावी लागेल. जावळी-पाटणच्या उतारावरची नाचणी त्याला उत्तम. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

नोकरी सांभाळून हे जमेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. रोजचे काम वाढत नाही, ते आठवड्याच्या एका सकाळी एकवटते. रविवारी दोन प्रकारची कडधान्ये भिजत घालून मोड आणावेत, दाण्याचा कूट, कारळ्याची किंवा जवसाची चटणी आणि लसूण सोलून तयार ठेवावी. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि पहिल्या दोन दिवसांत संपवावी. गाजर, वांगी, शेंगभाज्या नंतरच्या दिवसांना. भाकरी थापायला दोघांनीही शिकावे.

सध्या डिसेंबर सुरू आहे, तेव्हा या महिन्यात गुऱ्हाळावर जाऊन गूळ सांगून या आणि वाघ्या घेवडा, हुलगे, मटकी प्रत्येकी चार-पाच किलो घ्या. यंदाचा माल अजून बाजारात आहे. शाळूसाठी जतकडच्या एखाद्या शेतकऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा, म्हणजे मळणी होताच तो निरोप देईल. हळकुंडे एप्रिलमध्ये, आणि मिरच्या वाळल्या की त्याच सुमारास कांदा-लसूण मसाला. शेंगांना मात्र पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबावे लागेल. तोवर घाण्यावरून तयार तेल दोन-दोन लिटरच आणा, आणि घेण्यापूर्वी वास घेऊन पाहा.